कारण : पुसणे

आमच्या घरात रविवारी सकाळी दहा ते अकरा जेवणाच्या टेबलाच्या पूर्वेकडून कोणी जायचं नाही, असा कायदा होता. पूर्वेकडे बंदुकीचं तोंड असायचं. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचं तर अकरा वाजेपर्यंत थांबायचं, नाहीतर मागच्या दाराने बाहेर पडून, जिन्याला वळसा घालून, पुढच्या दाराची बेल वाजवायची. लहानपणी मला थांबणं जमत नसे, म्हणून मी वळसा घाली. पण दार उघडणार कोण? अण्णांच्या हातात बंदूक आणि आईच्या हातात तेलाची डबी. त्यामुळे कितीतरी रविवार मी स्वतःच्याच घराच्या जिन्यात, अकरा वाजण्याची वाट बघत काढले आहेत.

बंदूक साधी एकनळी होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी एका धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या नोकरीत होते. तिथे रानडुकरांचा सुळसुळाट, म्हणून साहेबांनी शिफारस केली आणि परवाना मिळाला. पुढे बदली होऊन शहरात आले तेव्हा बंदूक बरोबर आली, रानडुकरं तिकडेच राहिली. माझ्या आठवणीत ती एकदाही उडालेली नाही. ती फक्त पुसली जायची.

पण काय पुसली जायची. आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र टेबलावर पसरायचं. अण्णा कपाटाचं कुलूप उघडून बंदूक आणत, नळी खाली, बोट चापापासून लांब. मग ती मधल्या बिजागरीवर मोडून नळीच्या आत बघत आणि आईपुढे धरत. आईही चष्मा लावून आत बघे आणि म्हणे, "रिकामी आहे." त्यावर अण्णा म्हणत, "तरी भरलेली आहे असंच समजायचं." हे दोन संवाद मी लग्न होऊन वरच्या मजल्यावर राहायला गेल्यावरही जमिनीतून ऐकत असे. कपाटाची किल्ली अण्णांच्या कमरेला आणि काडतुसांच्या खणाची आईकडे. दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे असल्या की अपघात होतो, असं अण्णांचं मत होतं. आमच्याकडे दरोडा पडला असता तर दरोडेखोरांना आधी जरा बसवून घ्यावं लागलं असतं.

अण्णा गेले. परवाना माणसाबरोबर संपतो, त्यामुळे बंदूक आणि काडतुसं पोलीस ठाण्यात जमा करणं भाग होतं. ते काम माझ्याकडे आलं, कारण माझा नवरा त्या बंदुकीला अण्णांपेक्षाही जास्त मान देत असे आणि ती ज्या खोलीत असेल त्या खोलीत शक्यतो जात नसे. ठाण्याला फोन करून, कळवून, मी ती चादरीत गुंडाळली आणि रिक्षात बसले. रिक्षावाल्याने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, पडद्याचा रॉड. तर तो म्हणाला, मलाही घ्यायचाय, कुठे मिळाला? सबंध रस्ताभर मी त्याला पडद्याच्या रॉडबद्दल माहिती दिली आणि शेवटी त्याला पोलीस ठाण्याच्या दारात थांबायला सांगितलं. तो ज्या नजरेने माझ्याकडे बघत गेला ती मी अजून विसरलेले नाही. जमा केल्याची पावती मिळाली, ती मी पर्समध्ये टाकली आणि सुटले असं मला वाटलं.

तिसऱ्या रविवारी दहा वाजता मी खाली आले तर आईने टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. ती आपल्या नेहमीच्या जागेवर, हातात तेलाची डबी. समोर काही नाही.

"सवय गं," ती म्हणाली आणि वर्तमानपत्राची घडी घातली. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी ती डबी हातात घेऊन बरोबर अकरापर्यंत बसली आणि मी जिन्यातून बघत राहिले. मला ते बघवेना. त्याच दिवशी मी ठरवलं की बंदूक घरी आणायची, रीतसर, माझ्या नावाच्या परवान्यावर.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी एका शाळेची ग्रंथपाल आहे. फॉर्म भरण्यात माझा हात कोणी धरणार नाही. रकाना दिसला की तो खरा, पूर्ण आणि सुवाच्य भरायचा, हे माझं ब्रीद आहे. त्यामुळे परवान्याच्या अर्जात 'शस्त्राची गरज कशासाठी' असा रकाना आला तेव्हा मी दोन मिनिटं विचार केला आणि खरं ते लिहिलं.

परवाना कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज जवळ धरला, लांब धरला आणि खाली ठेवला.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"पुसणे."

"ते वाचलं मी. म्हणजे काय?"

"म्हणजे फडक्याने. तेल लावून."

"इथे तीन कारणं चालतात," कारकून शांतपणे म्हणाला. "जिवाचं रक्षण, पिकाचं रक्षण आणि खेळ."

"आमच्याकडे सगळी वर्षं चौथंच चालू होतं."

"मग वडील नूतनीकरणाला काय लिहायचे?" असं म्हणून त्याने अण्णांची फाइल काढली आणि आम्ही दोघांनी ती वाचली. शहराच्या मध्यवस्तीत राहून, दर तीन वर्षांनी, अण्णांनी वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला होता : रानडुकरं. एका वर्षी कोणीतरी समासात विचारलं होतं की आपल्या भागात रानडुकरं आहेत काय. खाली अण्णांचं उत्तर होतं : 'बंदूक असल्याने अद्याप आलेली नाहीत.' कारकुनाने ते पान आपल्या शेजारच्यालाही दाखवलं. मला अण्णांचा अभिमान वाटला, पण माझा अर्ज परत मिळाला तो मिळालाच.

ही बातमी आमच्या शेजाऱ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. शेजारी म्हणजे नियमकाका. एका कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले, कुठलाही अर्ज दिसला की हात शिवशिवणारे. त्यांनी माझा अर्ज वाचून कपाळावर हात मारला.

"अगं, जिवाला धोका असं लिही. सरळ आहे."

"पण पुढचा रकाना आहे, 'कोणापासून'."

काकांनी विचार केला. आमच्या इमारतीत धोका वाटावा असं कोणीच नव्हतं. मग ते घसा साफ करून म्हणाले, "माझं नाव घाल."

"काका, काहीतरीच काय."

"का? पाण्याच्या टाकीवरून आपलं वाजलं होतं की नाही? लिही बिनधास्त. शेजारी, तापट, पूर्वीचा वाद." त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही चमक आली होती की मला नाही म्हणवेना. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी घाबरलं नसावं. मी माझं ब्रीद बाजूला ठेवलं आणि तसं लिहिलं. त्याची शिक्षा मला मिळाली.

चौकशीला हवालदार आला तेव्हा काका बनियनवर कुंड्यांना पाणी घालत होते. हवालदाराला बघताच त्यांनी झारी खाली ठेवली, भुवया चढवल्या आणि दोन्ही हात कमरेवर घेतले. हवालदार वहीत काही लिहिणार, इतक्यात काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उन्हात उभं राहू नका म्हटलं ना, चक्कर येते मग. आणि त्या पाहुण्यांना वाट द्या." काका आत गेले. अहवालात एकच ओळ आली : 'धोका समक्ष पाहिला. आढळला नाही.' मला ठाण्यात बोलावून खोटी माहिती देऊ नये अशी तोंडी समज देण्यात आली. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्या मुलांना मी जसं बोलते, अगदी त्याच आवाजात. काका पुढे आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत.

मी पुन्हा 'पुसणे' लिहिलं आणि अर्ज दिला. कारकून म्हणाला, राहू द्या, तोवर बाकीचं पुरं करा. बाकीचं म्हणजे भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं लोखंडी कपाट. अण्णांचं कपाट नुसतं उभं होतं, ते आता चालत नाही. नवऱ्याने टेप घेऊन भिंत मोजली आणि नऊ इंच म्हणून मिस्त्रीला सांगितलं. ती साडेचार निघाली. मिस्त्रीचं ड्रिल आमच्या भिंतीतून आत गेलं आणि नियमकाकांच्या खोलीत, ते वर्तमानपत्र वाचत होते त्याच्या वीतभर वर, बाहेर आलं. काही वेळाने भोकातून त्यांचा आवाज आला, "आता सांग, कोणाच्या जिवाला धोका आहे ते." त्या निमित्ताने आमचा अबोला सुटला, हा एक फायदा झाला.

नंतर ठाण्यात तोंडी परीक्षा झाली. ठाणेदारसाहेबांनी विचारलं, शस्त्र हातात घेतल्यावर पहिलं काय कराल? बस. माझ्या तोंडून अण्णाच बोलायला लागले. नळी जमिनीकडे. बोट चापाबाहेर. मोडून आत बघायचं, मग दुसऱ्याला दाखवायचं. रिकामी असली तरी भरलेली समजायची. काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली वेगळ्या माणसाकडे. घरात लहान मूल असेल तर ते झोपलंय का, शाळेत गेलंय का, कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. आणि साहेब, तुम्ही पूर्वेला बसला आहात, पलीकडच्या खुर्चीवर बसा. टेबलावर बंदूक नव्हती, नुसती पट्टी होती. पण साहेब उठले आणि पलीकडच्या खुर्चीवर बसले. मी पास झाले.

राहिला एक कागद. बंदूक सुस्थितीत आहे, असा बंदूक दुरुस्तीवाल्याचा दाखला. हवालदार बंदूक घेऊन आणि मी हवालदाराला घेऊन, अशी आमची वरात त्या दुकानात पोचली. आत एक म्हातारे कारागीर होते, डोळ्याला भिंग लावलेले. त्यांनी बंदूक मोडली, बॅटरीने आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ही उडणार नाही. काडतुसाच्या बुडावर आपटते ती पिन नाही हिच्यात."

"पडली असेल कुठेतरी."

"पिन पडत नाही. काढावी लागते. हिची मीच काढलीय." त्यांनी बंदुकीवरचा नंबर भिंगाखाली धरला आणि मान हलवली. "धरणावरचे ना ते? सोमवारी आले होते, ऑफिसला दांडी मारून. म्हणाले, मुलगी सात वर्षांची आहे, काल तिचा हात किल्लीपर्यंत पोचला. पिन काढून टाका. मी म्हटलं, मग बंदूकच विकून टाका की. तर म्हणाले, मग आम्ही दोघांनी रविवारी करायचं काय? आणि घरी सांगू नका म्हणाले. पिन शर्टाच्या खिशात टाकली आणि गेले."

मला तो रविवार आठवला. दुपारी सगळे झोपले होते. कॅलेंडरमागच्या खिळ्यावर किल्ली असायची, ती मी स्टुलावर चढून काढली, बंदूक बाहेर ओढली आणि आरशासमोर उभी राहिले. अण्णा दारात आले. ते ओरडले नाहीत. सावकाश आले, माझ्या हातातून बंदूक घेतली, मोडून आत बघितलं आणि कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. मी संध्याकाळपर्यंत मार खायची वाट बघितली. तो मिळाला नाही, आणि मी सुटले असं इतकी वर्षं समजत होते. किल्ली मात्र दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कमरेला आली.

म्हणजे तेहतीस वर्षं अण्णा एक न उडणारी बंदूक पुसत होते, आणि तेहतीस वर्षं आम्हाला जिन्याला वळसा घालायला लावत होते. मी त्या दुकानातल्या स्टुलावर बसून रडले. हवालदार बिचारा भिंतीवरची जुनी छऱ्याची बंदूक फार बारकाईने बघत उभा राहिला.

पण सरकारी काम रडण्याने थांबत नाही. कारागीर म्हणाले, पिन नाही तर दाखला नाही. कारकून म्हणाला, दाखला नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर ती घरी ठेवता येणार नाही, कारण पिन नसली तरी कायद्याने ती बंदूकच.

"म्हणजे घरी न्यायची तर आधी ती माणूस मारण्याच्या लायकीची करायची?"

"तसं तुम्ही म्हणताय," कारकून म्हणाला. "पण हो."

कारागीर दोन दिवसांत नवी पिन करून देणार होते. मी घरी आले. आई शिलाई मशीनवर माझ्या लेकीच्या शाळेच्या पिशवीचा बंद शिवत होती आणि लेक तिच्या पायाशी बसून रिकामी रिळं रचत होती. तीही यंदा सात वर्षांची झालीय. मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. तिने दोरा तोडला, मशीनच्या खणातून बटणांचा डबा काढला, तळाशी हात घालून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत बोटाच्या पेराएवढी लोखंडी पिन होती.

"धुताना शर्टाच्या खिशात सापडली," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"त्याच आठवड्यात. दोन दिवस घरभर शोधत होते. पलंगाखाली, मोरीत, पायपुसण्याखाली. काय शोधताय विचारलं की म्हणायचे, बटण. मी म्हटलं, शर्टाची सगळी बटणं जागेवर आहेत. तर म्हणाले, दुसऱ्या शर्टाचं."

"मग दिली का नाहीस?"

"आधी वाटलं, दिली तर परत बसवतील. पुढे कळलं, नसती बसवली. पण तोवर बरीच वर्षं झाली होती, आता काय सांगायचं?"

"आणि तरी दर रविवारी आत बघून 'रिकामी आहे' म्हणायचीस?"

"मग? रिकामीच होती की." आईने बटणांच्या डब्याचं झाकण लावलं. "आठवडाभर ते ऑफिसात, मी घरकामात. तेवढा एक तास आम्ही समोरासमोर बसायचो. बंदूक नसती तर बसलो असतो का गं आम्ही? कोणी बसतं का उगीच?"

लेकीने पिन बघायला हात पुढे केला. आईने माझ्या हातावरची पिन उचलली आणि मूठ मिटली.

"त्यांनी काढली ती आपण बसवायची नाही," ती म्हणाली. "नकोच ती घरी. मला सवय होईल हळूहळू." असं म्हणून तिने तोंड फिरवलं, म्हणजे सवय होणार नव्हती हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घ्यायला गेले. कारकुनाने कारण विचारलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वर्तमानपत्रापासून बटणांच्या डब्यापर्यंत. त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "जमा केल्याची पावती आहे का?" मी पर्समधून काढून दिली. त्याने ती उलटी केली आणि माझ्यासमोर धरली. मागे बारीक अक्षरात छापलं होतं : 'जमा शस्त्राची स्वच्छता व निगा वारसाने ठाण्यात येऊन, कर्मचाऱ्यासमक्ष करावी.'

पुस्तकाची मागची बाजूही वाचावी, असं मी शाळेतल्या मुलांना वीस वर्षं सांगत आले आहे. मी मान खाली घातली. कारकूनही भला माणूस, त्याने ती गोष्ट वाढवली नाही. "कोणीच वाचत नाही बाई," तो म्हणाला. "कोणी पुसायला येतही नाही." मग त्याने माझा अर्ज घेतला आणि रकान्याखाली लाल शाईने लिहिलं : 'कारण : पुसणे. ठाण्यात सोय आहे. अर्ज निकाली.'

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी आणि आई ठाण्यात पोचलो. आईने पिशवीतून आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र काढून टेबलावर पसरलं. तेलाची डबी माझ्या हातात दिली आणि स्वतः अण्णा बसायचे त्या बाजूला बसली. हवालदाराने बंदूक आणून ठेवली. आईने ती मोडली, चष्मा लावून आत बघितलं आणि सवयीने म्हणाली, "रिकामी आहे."

मग ती थांबली. समोरून उत्तर यायचं होतं. समोर मी होते.

"तरी भरलेली आहे असंच समजायचं," मी म्हटलं. आईने मान हलवली आणि फडकं तेलासाठी पुढे केलं.

तेवढ्यात ठाणेदारसाहेब आतल्या खोलीतून चहाचा कप घेऊन टेबलाच्या पूर्वेकडून निघाले. आईने वर न बघताच हात आडवा केला. "समोरून नाही. मागून या." साहेबांनी एकदा बंदुकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मागच्या दाराने बाहेर पडले, आवाराला वळसा घातला आणि पुढचं दार वाजवलं. हवालदार कर्मचारी म्हणून समक्ष बसलेला, त्याला हलता येईना. आईच्या हातात बंदूक होती, माझ्या हातात डबी. साहेब अकरा वाजेपर्यंत बाहेरच थांबले.